मिठागराच्या मातीचा हिमालय

आगगाडी सुरू होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली असतील, त्या काळातली ही हकिकत. मी मूळचा कल्याणचा. परीक्षा पास होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. ठाण्याच्या पुढे माजिवडा ओलांडलं की खाडीच्या अंगाला एक गाव होतं, तिथल्या मराठी शाळेत असिस्टंट मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या माणसांची नातवंडं अजून तिथेच नांदताहेत.

गावात भातशेती आणि मिठागरं. शाळेतली मुलंही त्याच घरांतली. कापणीच्या दिवसांत निम्मी शाळा शेतात असायची आणि मीठ धरायच्या दिवसांत उरलेली निम्मी मिठागरात. हजेरीपटावर चौतीस नावं, समोर मात्र बारा-तेरा डोकी. त्यातली तीन धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली.

आमचे हेडमास्तर पन्नाशीचे होते. उंच, किडकिडीत, डोक्याला लाल पागोटं. मनाने अगदी सरळ माणूस, पण शिक्षणखात्याला ते भारी भीत. खात्याचा कागद आला की आधी हातपाय धुऊन यायचे, मग तो उघडायचे. भूगोल ते चालीवर म्हणवून घेत. “बेट म्हणजे काय?” असं विचारलं की मुलं एका सुरात ओरडत, “चोहोंकडून पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग!” आणि शाळा सुटली की भरतीच्या वेळी खाडीत जो उंचवटा उरे, त्याच्यावर जाऊन खेकडे धरीत. तो उंचवटा म्हणजेच बेट, हे मुलांना कधी सुचलं नाही, हेडमास्तरांना नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

माघ महिन्यात खात्याचं एक छापील सर्क्युलर आलं. भूगोल नुसता पाठ करवू नये, पर्वत, पठार, बेट, द्वीपकल्प, सामुद्रधुनी, संयोगीभूमी वगैरेंचे मातीचे नमुने मुलांकडून करवून घ्यावेत आणि शाळा तपासायला डिपुटीसाहेब येतील तेव्हा ते दाखवावेत, असा मजकूर होता. हेडमास्तरांनी तो तीनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

“पर्वत केवढा करावा, ते लिहिलेलं नाही.”

“वीतभर उंच पुरे होईल की,” मी म्हटलं. “फळीवर करू. ठाण्याच्या कुंभारवाड्यातून चांगली माती आणतो.”

“वीतभर?” ते हादरलेच. “अरे, खात्याने पर्वत मागितलाय. वीतभर पर्वत पाहून साहेब म्हणतील, ह्या मास्तरला खात्याची किंमत नाही.”

शेवटी ठरलं की पर्वत कमरेइतका उंच असावा. मग एवढ्या पर्वताला शोभेल असा देश हवा, देशाला समुद्र हवा. अशा रीतीने शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत एका बाजूला हिंदुस्थान, दुसऱ्या बाजूला आफ्रिका आणि मध्ये खणून काढलेला हिंदी महासागर, असा बेत झाला. संयोगीभूमीला, म्हणजे दोन जमिनींना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीला, नकाशात सोयीची जागा सापडेना, म्हणून ती आणि तिच्या पलीकडे एक द्वीपकल्प कडुलिंबाखाली घ्यायचं ठरलं. एवढी माती कुंभारवाड्यातून आणणं शक्यच नव्हतं. शाळेच्या मागे शंभर पावलांवर मिठागर होतं. तिथला काळा, चिकट चिखल टोपल्यांनी आणायला मुलांनी सुरुवात केली.

शाळेला लागूनच एका म्हातारीचं खोपट होतं. नवरा मिठागरावर राबून गेला, मुलगा तिथेच राबत होता, आणि तिची स्वतःची म्हणून एक म्हैस होती. टोपल्या जाताना पाहून ती बाहेर आली.

“मास्तर, ही माती नका नेऊ. खारी हाय. वालली का फुलंल.”

“फुलेल म्हणजे काय?” हेडमास्तरांनी विचारलं.

“फुलंल म्हंजे फुलंल,” म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

त्या आठवड्यात आमच्या शाळेत कधी नव्हे ते घडलं. चौतीसच्या चौतीस मुलं हजर राहिली. पुस्तक वाचताना ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती मुलं चिखलात मात्र मिस्त्री होती. लहानपणापासून मिठागराचे बांध घालताना पाहिलेले त्यांचे हात. समुद्राचा काठ त्यांनी असा थापला की थेंबभर पाणी झिरपेना. दोघा-तिघांचे बापही बघायला आले आणि राहवेना म्हणून धोतर खोचून महासागरात उतरले. त्यातल्या एकाने सामुद्रधुनीला पाणी सोडायची झडप बसवून दिली. हेडमास्तरांनी ती काढायला लावली.

“पुस्तकात सामुद्रधुनीला झडप नाही,” ते म्हणाले.

“मंग भरती आली तर?” बापाने विचारलं. तरी झडप गेली ती गेलीच.

सगळं तयार झाल्यावर आफ्रिकेवरून आणि समुद्रावरून एक काथ्याची दोरी आडवी ताणली. ते विषुववृत्त. हेडमास्तर चारी बाजूंनी फिरून आले, पागोटं काढून घाम पुसला आणि म्हणाले, “आता येऊ देत साहेब.”

साहेब काही लगेच आले नाहीत. चार दिवस चांगलं ऊन पडलं. पाचव्या दिवशी सकाळी मी शाळेत आलो तो हेडमास्तर हिमालयासमोर हात जोडून उभे. पर्वताच्या माथ्यावर पांढरंशुभ्र काहीतरी चढलं होतं.

“बर्फ!” ते हळूच म्हणाले. “आपण न करता आलं बघ.”

ते मीठ होतं. माती वाळली तसं आतलं मीठ वर फुलून आलं होतं. मी तसं सांगितलंही. त्यांना ते पटलं, पण आनंद कमी झाला नाही. हिमालयाला बर्फ हवंच होतं, ते कशाचं आहे याच्याशी खात्याला काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मुलांना लवकर सुट्टी मिळाली.

दुसऱ्या दिवशी पठारावर बर्फ आलं. तिसऱ्या दिवशी द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत पोचलं. चौथ्या दिवशी सगळी आफ्रिका पांढरी झाली आणि दोरीच्या दोन्ही अंगांना तर जाड थर बसला. हेडमास्तरांचा चेहरा उतरला.

“विषुववृत्तावर बर्फ चालणार नाही. साहेब पहिलं तेच पाहतील.”

मग रोज सकाळी प्रार्थना झाली की दोन मुलांनी ओल्या फडक्याने विषुववृत्त पुसायचं, असा नियम झाला. आज कोणाची पाळी, ते हजेरीपटाच्या मागच्या पानावर मी लिहून ठेवायचो. पण ओलं फडकं फिरवलं की दुसऱ्या दिवशी मीठ दुप्पट यायचं. मिठागरातली मुलं ती, त्यांना हे ठाऊक होतं. एकाने तसं सांगितलं, तर त्याला लागोपाठ तीन दिवस पाळी मिळाली.

यानंतर म्हैस आली.

म्हातारीच्या म्हशीने पहाटे कधीतरी दावं सोडवून घेतलं होतं. मी आलो तेव्हा ती हिमालयाच्या दक्षिण बाजूला उभी राहून डोळे मिटून पर्वत चाटत होती. शिखरं गेली होती. राहिलेला भाग उशीसारखा गुळगुळीत दिसत होता. हेडमास्तर छत्री घेऊन धावले. म्हशीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि परत चाटायला लागली. शेवटी म्हातारीला बोलवावं लागलं.

“बाई, तुमच्या म्हशीने आमचा हिमालय खाल्ला!” हेडमास्तर ओरडले.

“खानारच. तिला मीठ लागतं,” म्हातारी शांतपणे म्हणाली. “मी सांगलं होतं, माती खारी हाय. तुमीच मीठ वाढून ठेवलंय तिच्याम्होरं.”

“तुम्ही तिला बांधून ठेवा.”

“बांधते. पन तुमी तुमचा डोंगर झाकून ठेवा.”

मुलांनी दिवसभरात नवा हिमालय उभा केला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, आम्ही आत पाढे घेत असताना, म्हैस पुन्हा सुटली. पोटभर मीठ चाटून झाल्यावर तिला ऊन लागलं असावं. ती सरळ हिंदी महासागरात जाऊन बसली. समुद्र लहान, म्हैस मोठी. पाणी उसळलं, काठ फोडून कडुलिंबाखाली गेलं आणि संयोगीभूमी वाहून गेली. तिच्या पलीकडचं द्वीपकल्प चारी बाजूंनी पाण्यात उभं राहिलं.

“मास्तर, बेट झालं!” एक मुलगा खिडकीतून पाहून ओरडला. सगळे बाक सोडून धावले. माझ्या माहितीत, त्या शाळेत पाठ न करता मिळालेलं ते पहिलं उत्तर. पण त्या क्षणी त्याचं कौतुक करायला कोणाचं मन जाग्यावर नव्हतं.

हेडमास्तर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “दौत-टाक घे. साहेबांना कळवलं पाहिजे.”

आता पुढे जे झालं त्यात माझाही दोष आहे. त्यांनी सांगितलं तसं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. “मातीचा नमुना आहे, असं घालू का?” असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “सर्क्युलर खात्याचंच आहे, त्यांना ठाऊक नाही का? उगाच पाल्हाळ नको.” मीही आग्रह धरला नाही. कागद असा गेला:

“मेहेरबान डिपुटीसाहेबांचे सेवेशी विज्ञापना ऐसी जे, येथील हिमालय पर्वत एका म्हशीने बव्हंशी खाल्ला. तो पुन्हा उभा केला आहे. आफ्रिकेत विषुववृत्तावर बर्फ येते. रोज सकाळी दोन मुले लावून पुसून घेतो, तरी दुसरे दिवशी अधिक येते. सदरहू म्हैस आज दोन प्रहरी हिंदी महासागरात बसली, त्यामुळे संयोगीभूमी वाहून गेली. म्हशीचे मालकिणीस समज दिली असता तिने दोष उलट मजवर ठेविला. तरी पुढे कसे वर्तावे याविषयी हुकूम व्हावा.”

चारच दिवसांनी सकाळी शाळेपुढे टांगा थांबला. डिपुटीसाहेब उतरले. जाडजूड, गंभीर गृहस्थ, पुणेरी पगडी आणि रेशीमकाठी उपरणं. त्यांच्या मागोमाग धोतरावर काळा कोट घातलेले आणि हातात कातडी पेटी असलेले एक सडपातळ गृहस्थ उतरले. हेडमास्तर स्वागताला पुढे झाले, तेवढ्यात साहेबांचा पट्टेवाला माझ्या कानाशी लागला.

“ते सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आहेत. तुमच्या मास्तरांचं डोकं तपासायला आणलेत. कागद वाचून साहेब रात्रभर काळजीत होते.”

तो कागद माझ्या अक्षरात होता. हेडमास्तरांना बाजूला घेऊन सांगावं म्हणून मी पुढे झालो, पण तोवर ते दोघांना आत घेऊन गेले होते. शिवाय कोट पाहून त्यांनी आपला समज करून घेतला होता. जाता जाता मला म्हणाले, “साहेबांनी भूगोलाचे तज्ज्ञ आणलेत. नीट उभा राहा.”

डॉक्टरांनी खुर्ची अगदी जवळ ओढून घेतली आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात सुरुवात केली.

“मास्तर, हा हिमालय तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“तीन आठवडे झाले.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी नव्हता. त्याआधी सगळं तोंडीच होतं.”

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डोळे मिटले.

“बरं. हे जे बर्फ आहे, ते तुम्हालाच दिसतं की इतरांनाही?”

“सगळ्यांना दिसतं. आमच्या असिस्टंटला विचारा.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुम्हाला दिसतं?”

“दिसतं,” मी म्हटलं. काय बोलणार? त्यांनी मला पुढे बोलावलं आणि माझी नाडी पाहिली.

“आणि म्हैस? ती तुमच्याशी काही बोलते का?”

हेडमास्तरांना हे जरा लागलं. “म्हैस काय बोलणार, साहेब? बोलते ती तिची मालकीण. फार बोलते.”

“झोप लागते?”

“म्हैस बांधलेली असली की लागते.”

“हे नमुने...” मी तोंड उघडलं, पण डिपुटीसाहेबांनी हाताने मला गप्प केलं. हेडमास्तर उत्साहाने उठले. “असं बसून काय कळणार? चला ना, आफ्रिका मागेच आहे. दाखवतो.”

“नको, नको,” डॉक्टर त्यांचा हात धरून म्हणाले. “बसा. शांत बसा. आफ्रिकेची घाई नाही.”

तेवढ्यात मागच्या अंगणातून मुलांचा गलका उठला. “मास्तर! म्हस आली! म्हस आली!”

हेडमास्तरांनी हात सोडवून घेतला, कोपऱ्यातली छत्री उचलली आणि धावत सुटले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे डॉक्टर आणि शेवटी साहेब. बाहेर येऊन पाहतो तो म्हैस हिमालयाला भिडलेली, म्हातारी तिचं दावं ओढतेय, मुलं शेपटीला लोंबकळताहेत आणि हेडमास्तर छत्री उघडून म्हैस आणि पर्वत यांच्यामध्ये उभे. सगळा हिंदुस्थान उन्हात पांढरा लखलखत होता. दोन मुलं हातात ओली फडकी घेऊन दोरीशी तटस्थ उभी होती, कारण त्या दिवशी विषुववृत्ताची पाळी त्यांची होती.

मग डिपुटीसाहेब सावकाश पुढे गेले. स्वतः पडताळल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, अशा जातीचा तो माणूस. त्यांनी वाकून करंगळीने हिमालयाला स्पर्श केला आणि करंगळी जिभेला लावली.

“खारट आहे,” ते डॉक्टरांना म्हणाले.

मग त्यांनी पठार चाखलं. मग द्वीपकल्प. आफ्रिकेत तर दोन ठिकाणी. म्हैस आणि डिपुटीसाहेब एकाच पर्वताच्या दोन बाजूंना वाकलेले, हे दृश्य मी आजवर विसरलेलो नाही. त्या वेळी हसायची माझी हिंमत नव्हती.

“पर्वताचा माथा पायथ्यापेक्षा जास्त खारट का?” साहेबांनी मुलांना विचारलं.

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. हेडमास्तर घाबरून माझ्याकडे बघायला लागले. पण मिठागरातल्या एका मुलाने लगेच सांगितलं, “पानी खालून वर चढतं, साहेब. वर ऊन खातं. पानी उडून जातं न् मीठ रातं.”

“आणि संयोगीभूमी म्हणजे काय?”

“दोन जमिनींना जोडनारी बारीक जमीन. म्हस बसली का ती मोडते. मंग बेट होतं.”

साहेबांनी त्याला पुन्हा सगळं सांगायला लावलं. मग कोणी काठ कसा थापला, माती किती ओली ठेवली, हे विचारत ते तासभर तिथेच उभे राहिले. झडपेची गोष्ट निघाली तेव्हा ते हेडमास्तरांना म्हणाले, “ठेवायला हवी होती.” जाताना त्यांनी शेरेबुकात स्वतःच्या हाताने लिहिलं: “भूगोलाचे नमुने समक्ष पाहिले. व्याख्या कच्च्या आहेत, परंतु जमीन व पाणी यांचे व्यवहार मुलांस पक्के ठाऊक आहेत. म्हैस खरी आहे.”

डॉक्टर मात्र सरकारी बोलावण्यावरून आले होते, तेव्हा त्यांना काहीतरी लिहून देणं भाग होतं. त्यांनी पेटीतून कागद काढून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि सही केली. डिपुटीसाहेबांनी तो कागद वाचला, क्षणभर विचार केला आणि हेडमास्तरांच्या हातात दिला. “हा तुमच्याजवळच ठेवा, मास्तर. दफ्तरात त्याचं काम नाही.”

टांगा दिसेनासा झाल्यावर हेडमास्तरांनी तो माझ्यापुढे धरला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी कल्याणला दोन वर्षं शिकलो होतो. “वाच.”

कागदावर लिहिलं होतं की, सदर इसमाची तपासणी केली असता त्याची बुद्धी ठिकाणावर असल्याचं आढळलं आणि तो आपलं काम करण्यास लायक आहे. मी एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचल्यासारखं केलं.

“तुमची तपासणी केली,” मी म्हटलं, “आणि तुम्ही कामाला लायक आहात, असं लिहिलंय.”

“इंग्रजीत?”

“इंग्रजीत.”

त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या आठवड्यात ते ठाण्याला जाऊन त्याला चौकट आणि काच बसवून आले आणि नकाशाच्या शेजारी खिळा मारून त्यांनी तो टांगला. कोणीही आलं की दाखवायचे. एकदा ठाण्याचे एक वकील कुळाच्या कामासाठी गावात आले होते, त्यांनाही आणून उभं केलं. वकिलांनी चष्मा लावून तो वाचला, हेडमास्तरांकडे पाहिलं, पुन्हा वाचला आणि फार अदबीने नमस्कार करून हेडमास्तरांकडे पाठ न करता बाहेर गेले. हेडमास्तर म्हणाले, “विद्येचा मान असतो बघ.” मी मान हलवली. एकदा गप्प राहिलं की पुढे बोलणं अवघड होत जातं, हे मला त्या वर्षी कळलं.

पुढे माझी कल्याणला बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. बऱ्याच वर्षांनी एका दुपारी हेडमास्तर माझ्या ओसरीवर येऊन उभे राहिले. पेन्शन घेतली होती आणि कल्याणातच लेकीकडे राहायला आले होते. मी पाया पडलो, गूळ-पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं.

“जावई इंग्रजी शिकलेला आहे,” ते अचानक म्हणाले. “त्याने ती चौकट वाचून दाखवली.”

मी खाली मान घातली. “मला तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

“तू खोटं नाही बोललास. निम्मं बोललास.” त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. “दोन दिवस जेवण गेलं नाही. मग म्हटलं, कागदात वाईट काय आहे? जिल्ह्यात एवढे मास्तर, एवढे कारकून, मामलेदार. बुद्धी ठिकाणावर आहे असा सरकारी दाखला त्यातल्या एकाकडे तरी आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. आणि त्या वेळी मी पूर्ण खरं बोललो.

ते समाधानाने हसले. संध्याकाळपर्यंत बसतील असं मला वाटलं होतं, पण थोड्याच वेळात ते काठी शोधू लागले.

“एवढ्यात निघालात?”

“वेळेवर गेलेलं बरं,” ते वहाणा चढवत म्हणाले. “तो दाखला वाचल्यापासून जावई माझ्यावर जरा लक्ष ठेवून असतो.”